डावीकडून येणारी माणसं

सोमवार, ४ फेब्रुवारी

आमच्या गाडीला आज अठ्ठ्याण्णव टक्के मिळाले. साहेबांनी केक कापला. त्यांच्या मुलीला शाळेत इतके कधी पडले नसावेत, म्हणून आनंद जरा जास्तच होता. पाठीमागे आम्ही त्यांना टक्केसाहेब म्हणतो. त्यांना हे माहीत आहे आणि ते बिरुद समजून मिरवतात.

गाडीचं कौतुक असं, की समोर माणूस आला आणि चालवणाऱ्याचं लक्ष नसलं तर ती स्वतः ब्रेक मारते. तिला पुढे एक कॅमेरा आहे आणि बंपरच्या कोपऱ्यांत रडार आहेत. कॅमेऱ्याला माणूस ओळखता येतो, पण तो किती लांब आहे हे तो अंदाजपंचे सांगतो. रडारला अंतर बिनचूक कळतं, पण समोर माणूस आहे की कचराकुंडी याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. दोघांच्या साक्षी एकत्र करून गाडी काय ते ठरवते. ही एकत्र केलेली साक्ष खरी किती, हे तपासणं माझं काम. थोडक्यात, मी यंत्रांची सासू आहे. दिवसभर त्यांच्या चुका काढते आणि त्याचा पगार घेते.

केकचा तुकडा घरी आणला. एका माणसासाठी स्वयंपाक करायचा म्हणजे भांडी तेवढीच पडतात आणि भूक मात्र अर्धी लागते. केकवर भागवलं.

मग बाबांना फोन. "काय उमेदवार, जेवलीस का?"

"जेवले."

"काय?"

"भाजी-पोळी," मी म्हणाले. पन्नाशी उलटली तरी बापाशी खोटं बोलायला मजा येते.

बाबा लायसन्सची परीक्षा घेणारे अधिकारी होते. अख्ख्या गावाला त्यांनी पास-नापास केलं. मी एकोणीस वर्षांची असताना मलाही. "आरशात बघितलं नाहीस," म्हणाले, आणि नापास. घरी आल्यावर आईनं त्यांना वाढलं नाही, तरी निकाल बदलला नाही. तेव्हापासून मी उमेदवार. पुढच्या खेपेला पास झाले, पण बढती मिळाली नाही.

रविवार, १० फेब्रुवारी

बाबांकडे गेले. आई जाऊन आठ महिने होत आले. घर स्वच्छ आहे. पण ते वापरलं जात नसल्यामुळे स्वच्छ आहे. चार खुर्च्यांतली एकच झिजते आहे.

मी दार उघडून आत आले, खोलीच्या मध्यापर्यंत गेले, तरी बाबा पेपर वाचतच बसलेले. "बाबा," म्हटलं तर दचकले. "कधी आलीस?" पोटच्या पोरीच्या येण्याची दखल घ्यायलाही आता वेळ लागतो. मी डाव्या बाजूच्या खुर्चीत बसले तर म्हणाले, "तिकडे नको, इकडे बस." उजवीकडची खुर्ची पाहुण्यांची. बसले पाहुणी होऊन.

मग हातासरशी फ्रीज आवरला. मुदत संपलेला सॉस, बुरशी धरलेलं लिंबू, दाराच्या कप्प्यात हिरव्या झाकणाची डोळ्यांत घालायच्या औषधाची बाटली, आईच्या वस्तूंतली असावी. तिचीही मुदत संपलेली. सगळं फेकलं. कोणाचं काहीतरी आवरलं की बरं वाटतं, कारण आपल्याला वाटतं की आपण काहीतरी केलं.

निघताना त्यांची गाडी पाहिली. डाव्या दारावर नवा ओरखडा, डाव्या मडगार्डला पोचा.

"हे काय?"

"फाटक अरुंद आहे."

"पस्तीस वर्षं तेच फाटक आहे."

"मग आता ते म्हातारं झालं," बाबा म्हणाले. "लोखंड प्रसरण पावतं. तुला शाळेत शिकवलं नाही?"

त्यांच्याशी वाद घालून कोणी पास झालेलं मला आठवत नाही.

गुरुवार, १४ फेब्रुवारी

आज गाडीनं बाहुलीबाईला उडवलं.

बाहुलीबाई म्हणजे आमची नकली पादचारी. फोमची, माणसाएवढी, अंगात कोणीतरी आणून दिलेला जुना कोट. दोरीनं ओढल्या जाणाऱ्या फळीवर उभी राहून ती चाचणीच्या रस्त्यावर आडवी येते, आणि गाडीनं तिच्यासाठी थांबायचं असतं. संध्याकाळची वेळ, ऊन समोरून, बाहुलीबाई डावीकडून निघाली आणि गाडी तिच्याकडे बघायला तयारच नाही. आमचा चाचणीचालक, ज्याला सगळे सारथी म्हणतात, म्हणाला, "ताई, ब्रेकचा नुसता विचारसुद्धा केला नाही हो हिनं."

टक्केसाहेब म्हणाले, "ऊन होतं." ऊन मावळल्यावर पुन्हा चाचणी घेतली, गाडी शहाण्यासारखी थांबली. "बघा," म्हणाले, "ऊनच होतं." आणि उन्हावर खापर फोडून मोकळे झाले. बरोबर आहे, ऊन काही कागदपत्रं घेऊन उलट उत्तर द्यायला येणार नाही.

पण कॅमेऱ्याचे डोळे दिपले तर रडार कशासाठी ठेवलंय? त्याला उन्हाचं काय?

शनिवार, १६ फेब्रुवारी

भावाचा फोन. तो लांब असतो आणि लांबून फार चांगला मुलगा आहे. "बाबांना गाडी चालवू दे गं. तेवढंच सुख उरलंय त्यांना. आणि तू आहेस ना तिथे."

मी 'तिथे' नाही. मी शहराच्या दुसऱ्या टोकाला आहे. पण त्याच्या नकाशावर आम्ही दोघं एकाच टाचणीखाली येतो.

मंगळवार, १९ फेब्रुवारी

सापडलं.

डिसेंबरात गाडी खांबाला घासली होती. पाहुण्यांना दाखवायची गाडी, ओरखडा कसा चालेल? म्हणून साहेबांनी बंपरची डावी बाजू बाहेरच्या गॅरेजात रंगवून घेतली. चंदेरी, चकचकीत, दोन-तीन हात मारून. त्या रंगात धातूची पूड असते. रडार बंपरच्या आत बसतं आणि बंपरमधून बघतं. म्हणजे आम्ही त्याच्या तोंडावर पत्रा ठोकला होता.

मजा अशी, की रडार बिघडलेलं नव्हतं. सगळ्या नोंदी तपासल्या. ते रोज हजेरी लावत होतं, 'मी ठणठणीत आहे' असं सांगत होतं, आणि वर 'डावीकडे काहीही नाही' असंही सांगत होतं. दोन महिने. आणि आम्ही केक खात होतो.

"म्हणजे दोन महिन्यांचे निकाल चुकीचे?" साहेबांनी विचारलं.

"निकाल बरोबर आहेत सर. तेच तर वाईट आहे."

"निकाल बरोबर असतील तर प्रश्न काय आहे?"

"कॅमेरा एकटा सगळं सांभाळून घेत होता. म्हणून रडार आंधळं झालेलं कळलं नाही."

साहेब खिडकीतून गाडीकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "रंग मात्र छान बसलाय."

गुरुवार, २१ फेब्रुवारी

आता मी सगळ्या चाचण्या नव्यानं मांडल्या आहेत. आधी कॅमेरा झाकायचा आणि रडार एकटं काय करतं ते बघायचं. मग उलट. साहेबांना हे आवडलेलं नाही, कारण एकेकट्याचे टक्के कमी येतात आणि ते कोणाला दाखवता येत नाहीत.

रिपोर्टात लिहिलं: 'दोन साक्षीदार कायम एकत्र असतील तर एकाचा आंधळेपणा दुसरा मुकाट्यानं भरून काढतो आणि बाहेरून सगळं नीट दिसतं. जोडीतला एक काढून घेतल्याशिवाय दुसऱ्याला काय दिसत होतं ते कळत नाही.'

वाक्य जमलंय. साहेब म्हणाले, "जरा कमी भावनिक करा."

रविवार, २४ फेब्रुवारी

हे नीट लिहायला हवं.

सकाळी बाबांकडे गेले. त्यांना दिवे आणायचे होते, म्हणाले, "चल, तुला फिरवून आणतो. बघ तरी बाप कसा चालवतो." मी नेहमी माझ्या गाडीनं येते-जाते, त्यामुळे त्यांच्या शेजारी बसले नव्हते कितीतरी दिवसांत. डावीकडची सीट. आईची. सीट पुढे ओढलेली होती, आईचे पाय पोचावेत म्हणून. मी ती मागे केली. बाबांनी ते पाहिलं.

आईला गाडी चालवता येत नव्हती. बोलता मात्र येत होतं. बसल्यापासून उतरेपर्यंत तिचं समालोचन चालायचं. "कुत्रा. कुत्रा बघा. शाळेची मुलं. तो खांब. अहो, सायकल!" आणि बाबा दर वेळी, सुरातही फरक न करता, "दिसलं मला." मागच्या सीटवर आम्ही दोघं भावंडं हसून लोळायचो. घरात कोणी काही सांगितलं की आम्हीही म्हणायचो, "दिसलं मला."

बाबा छान चालवत होते. स्टीअरिंगवर हात दहा वाजून दहा मिनिटं, सिग्नलला पट्ट्याच्या आत. चौक आला की जरासं थबकायचे, कशाची तरी वाट बघितल्यासारखे, आणि मग निघायचे. मला वाटलं, वयानं सावधपणा आला. मी फोनवर साहेबांचा निरोप वाचायला लागले.

औषधाच्या दुकानाच्या कोपऱ्याला बाबा थबकले. मग गाडी सोडली. मी मान वर केली तेव्हा एक बाई बाबागाडी ढकलत डावीकडून रस्त्यात उतरली होती. इतकी जवळ, की मला तिच्या ओढणीची किनार दिसली.

"बाई! अहो बाई!" मी ओरडले.

आवाज आईचा निघाला. माझा नाही.

बाबांनी त्याच क्षणी ब्रेक मारला. गाडी थांबली. बाबागाडीचं चाक बंपरला टेकलं असेल-नसेल.

"दिसलं मला," बाबा म्हणाले.

त्यांची मान सरळ समोर होती. त्यांनी डावीकडे बघितलंच नव्हतं. अजूनही बघत नव्हते.

त्या बाईनं काचेवर थाप मारली आणि जे बोलायचं ते बोलली. एकही शब्द जास्तीचा नव्हता. बाबा म्हणाले, "आजकाल लोक बघून चालत नाहीत."

दिवे घेतले. परत येताना मी बोलायला लागले. बोलल्याशिवाय बसवेना. "रिक्षा. दूधवाला. पोरगं चेंडू घेऊन उभं आहे बघा." बाबा प्रत्येकाला म्हणाले, "दिसलं मला." घर येईपर्यंत मधूनमधून शीळ घालत होते. आठ महिन्यांत त्यांना इतकं खुशीत मी पाहिलं नव्हतं.

घरी येऊन गुरुवारचं पान वाचलं. मग वही मिटली, मग पुन्हा उघडली.

सोमवार, २५ फेब्रुवारी

औषधवाल्याला विचारलं. लहान बाटली, हिरवं झाकण, फ्रीजमध्ये ठेवायची. "काचबिंदूची असेल ताई. ती बंद करायची नसते हं. नजर गेलेली परत येत नाही, राहिलेली टिकवायची असते."

ती आईची नव्हती. आई बाबांच्या डोळ्यांत घालत होती. आणि आईनंतर कोणी घातलीच नाही, म्हणून तर मुदत संपली. मी ती सॉसबरोबर फेकली.

बुधवार, २७ फेब्रुवारी

बाबांना फोन केला. डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊ या म्हटलं. "कशाला? नोकरीत हजारो लोकांची नजर तपासली मी. मला कोण तपासणार?"

"गाडी तरी थोडे दिवस—"

"मला कोणी नापास केलंय का?"

बरोबर मुद्द्यावर बोट ठेवतात. नाही केलं कोणी. डॉक्टरचं ते ऐकणार नाहीत, मुलीचं तर नाहीच. जगात एकाच गोष्टीपुढे त्यांनी मान तुकवलेली मी पाहिली आहे, ती म्हणजे परीक्षेचा निकाल. आईनं वाढलं नाही तरी बदलला नाही तो.

म्हणजे मला किल्ली पळवून लपवता येईल. ते दुसरी करून आणतील. किंवा रोज ऑफिस सोडून त्यांच्या डावीकडे बसून बडबड करता येईल. यावर मी, खरं सांगायचं तर, बराच वेळ विचार केला. माझ्याशीही दिवसाकाठी इतकं कोण बोलतं?

पण बोलून मी त्यांना रस्त्यावर ठेवीन. आणि ज्या दिवशी मी नसेन त्या दिवशी एखादी बाई बाबागाडी घेऊन उतरेल.

सारथ्याला विचारलं, रविवारी चाचणीचा रस्ता रिकामा असतो का. काय करायचंय ते सांगितलं. तो टोपी काढून डोकं खाजवत राहिला.

"ताई, स्वतःच्या बापाला?"

"त्यांनी स्वतःच्या मुलीला केलं होतं."

"ते वेगळं हो."

"वेगळंच आहे," मी म्हणाले. "येशील ना?"

"येतो. पण बाहुलीबाईला दोरी मी ओढणार, तुम्ही माझ्याकडे बघायचं नाही."

रविवार, ३ मार्च

बाबांना काही लपवलं नाही. "तुमची परीक्षा घ्यायची आहे," म्हटलं. मला वाटलं, चिडतील. खो खो हसले. "माझी? घे की! पण नियम माझे. परीक्षक बोलत नाही. इशारा करत नाही, चुकचुकत नाही, पाय आवळत नाही. जमेल?"

"जमेल."

"तुला? तुझ्या आईची मुलगी तू."

इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. खिशाला पेन्सिल, सवयीनं. स्वतःची गाडी, मी डावीकडे. रिकामा, सरळ, लांबलचक रस्ता बघून खूश झाले. "आमच्या वेळी असा रस्ता असता तर कोणी नापास झालं नसतं."

पहिल्या फेरीत बाहुलीबाई उजवीकडून आली. बाबांनी गाडी इतकी सुंदर थांबवली, की तशी आमच्या कुठल्याच यंत्राला जमली नाही. "लिही," म्हणाले, "पैकीच्या पैकी."

दुसऱ्या फेरीत ती डावीकडे उभी होती. कोट दुरूनच दिसत होता. मला.

आडव्या पट्ट्यांपाशी बाबा थबकले. अगदी जरासं. मी हे आता ओळखते. ते मला जागा देत होते. मी ओठ मिटले आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले, कारण इशारा करायचा नव्हता. फळी निघाली. अजून वेळ होता. एक शब्द पुरला असता.

बाबांनी गाडी सोडली.

फोमचा आवाज फार होत नाही. उशी पडल्यासारखा होतो. बाबांनी ब्रेक मारला, आणि मान पूर्ण वळवून, आधी माझ्याकडे, मग माझ्यापलीकडे खिडकीतून बघितलं. बाहुलीबाई आडवी पडली होती, कोट वर गेला होता. लांब दोरीपाशी सारथी पाठ करून उभा होता.

"तू बोलली नाहीस," बाबा म्हणाले.

"परीक्षक बोलत नाही."

मग त्यांनी इंडिकेटर लावला, रिकाम्या रस्त्यावर, मागे कोणी नसताना. आरशात बघितलं. गाडी कडेला घेतली, हँडब्रेक ओढला. आणि ज्या आवाजात त्यांनी अख्ख्या गावाला सांगितलं असेल, एकदा मलाही सांगितलं होतं, त्या आवाजात म्हणाले,

"गाडी बाजूला घ्या. इंजिन बंद करा. किल्ली इकडे द्या."

इंजिन बंद केलं. किल्ली काढून माझ्या हातात दिली.

मी काहीतरी बोलायला गेले. "उमेदवाराशी वाद घालायचा नसतो," ते म्हणाले. मग काचेकडे बघत, "तुझी आई मला इतकी वर्षं कॉपी पुरवत होती."

उतरून त्यांनी बाहुलीबाईला उचलून उभं केलं. कोट खाली ओढून नीट केला. मी गाडीतच बसून राहिले.

गुरुवार, ७ मार्च

डॉक्टर म्हणाल्या, डावा डोळा कधीच गेलाय, उजवाही आता कडेकडेनं मिटत चालला आहे. औषध नियमित घातलं तर आहे तेवढं टिकेल. "घरात कोण घालतं?" त्यांनी विचारलं.

बाबा आणि मी एकदमच म्हणालो, मी "मी," आणि ते "माझं मी."

मी घालते. रोज संध्याकाळी ऑफिसातून तिकडेच जाते. बाबा मान मागे टाकतात आणि त्याआधीच डोळे मिटून घेतात. "उघडा," म्हणते. "उघडेच आहेत," म्हणतात. औषध गालावरून ओघळतं. आई हे कसं करत होती कोण जाणे. आणि आम्हाला एका शब्दानं न कळवता.

एक मात्र झालं. आता रोज कोणाच्या तरी ताटात पोळी वाढली जाते.

गुरुवार, १४ मार्च

जुना बंपर काढला. नवा काळा आहे, कुरूप आहे, आणि रडारला त्यातून सगळं दिसतं. एकेक झाकून चाचण्या झाल्या. शहाण्णव टक्के. साहेबांनी केक आणला नाही. माझं ते वाक्य त्यांनी परिशिष्टात टाकलं आहे, जिथे कोणी जात नाही. असू दे, तिथेही कोणीतरी राहायला हवं.

रविवार, १७ मार्च

सकाळी पोचले तर बाबा घरात नव्हते. घाबरले. मग पाहिलं, गाडी अंगणात आणि ते गाडीत, डावीकडच्या सीटवर, पट्टा लावून. सीट पुढे ओढून घेतली होती, आईची होती तेवढी. त्यांचे गुडघे पुढे टेकत होते.

"उशीर झाला, उमेदवार."

"कुठे जायचंय?"

"कुठेही. दोन आठवडे उभी आहे गाडी. बॅटरी उतरेल."

मी उजवीकडे बसले. आरसा माझ्या उंचीला लावला. त्यांनी ते बघितलं आणि खिशातल्या पेन्सिलीला हात लावला आणि काढून घेतला.

औषधाच्या दुकानापर्यंत एक अक्षर बोलले नाहीत. हात मांडीखाली दाबून बसले होते. मला वाटलं, नियम पाळतायत. त्या कोपऱ्याला मी थबकले. डावीकडे बघितलं, नीट, पुन्हा एकदा. बाबागाडी नाही, कोणी नाही. क्लच सोडला.

"सायकल," बाबा म्हणाले. "उजवीकडून."

मी ब्रेक मारला. सायकल समोरून निघून गेली.

"दिसलं मला," मी म्हणाले.

दिसलं नव्हतं.